ओढीव कॅराव्हॅनची जोडणी आणि भारविभागणी : जयगड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणास मान्यता दिली. राहण्या-झोपण्याची सोय असलेले वाहन घेऊन समुद्रकिनारे, किल्ले व दुर्गम स्थळे पाहता यावीत, ही या धोरणामागील भूमिका होय. रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे ते जयगड हा पट्टा अशा पर्यटनास साहजिकच अनुकूल आहे. शास्त्री नदीच्या मुखावरील किल्ला, दीपगृह, कऱ्हाटेश्वराचे मंदिर आणि खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात नेणारी जयगड–तवसाळ फेरीबोट यांमुळे येथे येणाऱ्या प्रवाशांची संख्या लक्षणीय असते. याच पट्ट्यात २००९ पासून कार्यरत असलेले बंदर आणि १२०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्यामुळे मुंबई–गोवा महामार्गावरील निवळी फाट्यापासून जयगडकडे येणाऱ्या रस्त्यावर अवजड मालवाहू वाहनांचीही वर्दळ असते.

कॅराव्हॅनचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात इंजिन व निवास एकाच वाहनात असतात. भारतात आज दिसणाऱ्या बहुतेक कॅराव्हॅन या प्रकारच्या आहेत. दुसऱ्या प्रकारात निवासाचा भाग हा ट्रेलर असतो आणि तो मोटारीने ओढून न्यावा लागतो. दुसरा प्रकार तुलनेने स्वस्त व सोयीचा वाटतो, कारण मुक्कामी ट्रेलर सोडून मोटार मोकळी वापरता येते. परंतु दोन वाहने एका सांध्याने जोडली की त्यांच्या वर्तनाचे नियम बदलतात. हा सांधा कोणता असावा आणि ट्रेलरचा भार कोणत्या आसावर किती पडावा, हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. घाटउतारावर सुकाणू ताब्यात राहते की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) जोडणीच्या प्रमुख प्रकारांचा परिचय करून देणे, (२) भारविभागणीमागील तत्त्व साध्या गणिताने स्पष्ट करणे, (३) जयगड परिसरातील रस्ते, वारा, पाऊस व फेरीबोट यांच्या संदर्भात निवडीचे निकष मांडणे.

परंपरागत अनुभव : उलाळ आणि धुरजड

भारविभागणीचा प्रश्न मराठी समाजास नवा नाही. दुचाकी बैलगाडी भरताना माल आसाच्या मागे जास्त झाला तर गाडी ‘उलाळ’ होते. तेव्हा जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याशी असलेली जोती आवळली जातात. माल पुढे जास्त झाला तर गाडी ‘धुरजड’ होते आणि बैलांच्या मानेवर अनावश्यक ओझे येते. जाणता गाडीवान माल असा रचतो की जुवावर थोडा भार राहावा. तो इतका कमी नसावा की गाडी उलाळ व्हावी आणि इतका जास्त नसावा की बैल दमावेत. एकाच आसावर तोललेल्या कॅराव्हॅनची स्थिती तत्त्वतः हीच आहे. जुवाच्या जागी मोटारीमागील गोळा आणि बैलांच्या मानेच्या जागी मोटारीचा मागील आस असतो, इतकाच फरक. मात्र बैलगाडी पायी चालण्याच्या गतीने जाते, तर मोटार ताशी ६०–८० किलोमीटर वेगाने जाते. म्हणून जी चूक बैलगाडीत गैरसोयीची ठरते, ती येथे प्राणघातक ठरू शकते.

ट्रेलरची पुढची दांडी गोळ्यावर जो उभा भार टाकते, त्यास या लेखात ‘दांडीभार’ असे म्हटले आहे.

जोडणीचे प्रमुख प्रकार

ग्रामीण महाराष्ट्रात सर्वाधिक परिचित जोडणी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची होय. कोल्हापूर–सांगली भागात ऊस हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. या जोडणीत हूक किंवा पिन वापरली जाते. तिच्यात थोडी मोकळीक असते, म्हणून धक्के बसतात. कमी वेगात ते सहन होतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत ओढ मागील आसाच्या पातळीखालून घेतली जाते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ओढीचा बिंदू आसाच्या वर गेला तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटण्याचा धोका निर्माण होतो.

बंदराकडे जाणाऱ्या लांब मालवाहू वाहनांत ‘पाचवे चाक’ म्हणून ओळखली जाणारी सपाट तबकडीची जोडणी असते. येथे मागील वाहनाचा पुढचा भाग ओढणाऱ्या वाहनाच्या मागील आसाच्या जवळपास वर टेकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलर आणि सेमी-ट्रेलर यांत केलेला भेद याच गोष्टीवर आधारलेला आहे. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि ज्याच्या वजनाचा काही हिस्सा ते वाहन पेलते, तो सेमी-ट्रेलर होय.

कॅराव्हॅनसाठी जगभर रूढ असलेली जोडणी म्हणजे गोळा आणि त्यावर बसणारा कप्लर. युरोपात ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा प्रमाण मानला जातो. अमेरिकेत १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच असे तीन आकार प्रचलित आहेत. ५० मिलिमीटर आणि २ इंच (५०.८ मिलिमीटर) हे आकार दिसायला सारखेच असले तरी एकच नव्हेत. कप्लरवर छापलेला आकार आणि गोळ्यावरील आकार तंतोतंत जुळणे आवश्यक आहे. सैल बसलेला कप्लर खड्ड्यातून जाताना गोळ्यावरून उचलला जाऊ शकतो.

मोटारीच्या चौकटीला बसवलेला सांगाडा, त्यात सरकवलेली दांडी, गोळा, कप्लर आणि सुरक्षा साखळ्या अशी ही एक साखळीच असते. यांतील प्रत्येक घटकाची क्षमता वेगळी असते आणि संपूर्ण जोडणीची क्षमता ही सर्वांत दुर्बल घटकाइतकीच असते. अमेरिकेत सांगाड्यांचे पाच वर्ग केले जातात. पहिला वर्ग २००० पौंड (सुमारे ९०० किलोग्रॅम), तर दुसरा ३५०० पौंड (सुमारे १५९० किलोग्रॅम) वजनाच्या ट्रेलरपर्यंतचा असतो. परंतु मोटारीची अनुज्ञेय ओढक्षमता १००० किलोग्रॅम असेल, तर तिला वरच्या वर्गाचा सांगाडा बसवल्याने ती वाढत नाही.

दांडीभार किती असावा

अमेरिकेतील प्रचलित संकेतानुसार दांडीभार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. ब्रिटन व युरोपात तो ५ ते ७ टक्के सांगितला जातो आणि अनेक मोटारींच्या गोळ्यांची मर्यादा ७५ ते १०० किलोग्रॅम एवढीच असते. हे दोन संकेत परस्परविरोधी भासतात. परंतु त्यांमागील परिस्थिती भिन्न आहे. अमेरिकेत ओढणारी वाहने मोठी, चौकट मजबूत आणि वेग अधिक असतो. युरोपात मोटारी हलक्या असतात, ट्रेलर ओढताना वेगमर्यादा कमी असते, आणि कॅराव्हॅनची रचना करतानाच जड वस्तू आसाजवळ ठेवण्याकडे लक्ष दिले जाते. म्हणून कोणताही एक टक्का उचलून तो सर्वत्र लागू करणे योग्य नव्हे. मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली दांडीभाराची मर्यादा ही अंतिम मानावी. ट्रेलर स्थिर राहण्यासाठी लागणारा दांडीभार त्या मर्यादेत बसत नसेल, तर तो ट्रेलर त्या मोटारीसाठी नाही, असाच निष्कर्ष काढावा लागतो. पुस्तिकेत ओढक्षमता दिलेलीच नसेल, तर ती शून्य समजणे सुरक्षित होय.

दांडीभार हा स्थिर आकडा नसतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कॅराव्हॅनचे वजन १४०० किलोग्रॅम आहे, गोळ्यापासून तिच्या आसाचे अंतर ३.६ मीटर आहे आणि पाण्याची टाकी रिकामी असताना दांडीभार १४० किलोग्रॅम, म्हणजे १० टक्के आहे. टाकी आसाच्या मागे १.८ मीटरवर बसवलेली आहे. एप्रिल–मे महिन्यांत कोकणात पाणीटंचाई असते, म्हणून प्रवाशाने निघतानाच ८० लिटर पाणी भरून घेतले. तर दांडीभार (८० × १.८) ÷ ३.६, म्हणजे ४० किलोग्रॅमने घटतो. एकूण वजन १४८० आणि दांडीभार १०० झाला, प्रमाण ६.८ टक्क्यांवर आले. एका टाकीने गाडी उलाळ होण्याच्या दिशेने सरकली. उलट, ६० किलोग्रॅमच्या बॅटऱ्या व अवजारे आसापुढे २.४ मीटरवर ठेवल्यास दांडीभार पुन्हा ४० किलोग्रॅमने वाढतो. अर्थात, एकूण वजन त्यामुळे १५४० होते. तेव्हा ट्रेलरची वजनमर्यादा तपासणे ओघानेच आले.

पार्श्वदोलन आणि मालाची रचना

ट्रेलर मागे डावी-उजवीकडे हेलकावू लागणे यास पार्श्वदोलन म्हणता येईल. समोरून येणाऱ्या अवजड वाहनाच्या हवेचा झोत, आडवा वारा किंवा सुकाणूचा एखादा झटका यामुळे ते सुरू होते. कमी वेगात ते आपोआप विरते. वेग वाढत गेला की विरण्याची प्रवृत्ती क्षीण होत जाते आणि एका विशिष्ट वेगापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. हा वेग प्रत्येक जोडीसाठी निराळा असतो. दांडीभार कमी असेल, माल मागे असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर हा धोक्याचा वेग खाली येतो.

येथे केवळ दांडीभार योग्य असणे पुरेसे नाही. समजा, ५० किलोग्रॅमची एक वस्तू आसाच्या २ मीटर पुढे आणि तेवढ्याच वजनाची दुसरी वस्तू २ मीटर मागे ठेवली. दोन्ही एकमेकींना तोलतात. दांडीभारात फरक पडत नाही. मात्र वळण्यास विरोध करणारे त्यांचे जडत्व आघूर्ण २ × ५० × २ × २, म्हणजे ४०० एकक होते. याच वस्तू आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवल्यास ते २ × ५० × ०.५ × ०.५, म्हणजे २५ एकक होते. पहिल्याच्या सोळाव्या हिश्शाइतके. दोन्ही टोकांना माल असलेला ट्रेलर एकदा हेलकावू लागला की त्यास आवरणे अधिक कठीण असते. म्हणून जड वस्तू आसाजवळ व जमिनीलगत, मध्यम वस्तू त्यांच्या भोवती आणि हलक्या वस्तू टोकांना व वर, हा नियम पाळावा.

जयगडकडील रस्त्याचा बराच भाग उघड्या सड्यावरून जातो. जांभ्याच्या या पठारावर वाऱ्याला आडोसा नसतो. त्याच रस्त्यावर समोरून मोठी मालवाहू वाहनेही येतात. पार्श्वदोलन सुरू करणारी दोन्ही कारणे येथे एकत्र आढळतात.

भारविभाजक जोडणीचे तत्त्व

दांडीभार मागील आसाच्याही मागे, गोळ्यावर पडतो. त्यामुळे तो मागील आस अधिक दाबतो आणि तरफेच्या न्यायाने पुढचा आस उचलतो. समजा, मोटारीच्या दोन आसांमधील अंतर २.८ मीटर, मागील आसापासून गोळा १.२ मीटर मागे, आणि दांडीभार १४० किलोग्रॅम आहे. पुढच्या आसावरील भार (१४० × १.२) ÷ २.८, म्हणजे ६० किलोग्रॅमने घटतो. मागील आसावरील भार १४० + ६०, म्हणजे २०० किलोग्रॅमने वाढतो. मागील आसावर प्रत्यक्ष दांडीभारापेक्षा अधिक भार येतो, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. मोटारीचे दोन्ही आस प्रत्येकी ९०० किलोग्रॅम पेलत असतील, तर ते आता अनुक्रमे ८४० आणि ११०० पेलतात. पुढची चाके हलकी झाल्याने सुकाणूची पकड कमी होते, पुढच्या ब्रेकांचा परिणाम घटतो आणि दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

यावर उपाय म्हणून भारविभाजक जोडणी वापरली जाते. गोळ्याच्या सांध्यातून दोन लवचिक पोलादी दांडे मागे काढलेले असतात आणि त्यांची टोके साखळीने ट्रेलरच्या चौकटीकडे वर ओढून ताणलेली असतात. हातगाडीचे दांडे वर उचलले की तिचे पुढचे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते. तसाच परिणाम येथे होतो. मोटारीचा मागचा भाग उचलला जातो, पुढच्या आसावर भार परततो आणि काही भार ट्रेलरच्या आसावर जातो.

दांड्यांनी सांध्यावर दिलेले आघूर्ण ‘घ’ आणि गोळ्यापासून ट्रेलरच्या आसाचे अंतर ‘ल’ मानल्यास, ट्रेलरच्या आसावर घ ÷ ल एवढा भार जातो आणि मोटारीवर तेवढा कमी राहतो. वरील उदाहरणात ल = ३.६ मीटर धरल्यास पुढील चित्र मिळते :

(१) दांडे नसताना : पुढचा आस –६०, मागील आस +२००, ट्रेलरचा आस ०.
(२) घ = ६३ किलोग्रॅम-मीटर : पुढचा आस –३०, मागील आस +१५२.५, ट्रेलरचा आस +१७.५.
(३) घ = १२६ किलोग्रॅम-मीटर : पुढचा आस ०, मागील आस +१०५, ट्रेलरचा आस +३५.
(४) घ = १८९ किलोग्रॅम-मीटर : पुढचा आस +३०, मागील आस +५७.५, ट्रेलरचा आस +५२.५.

प्रत्येक ओळीतील बेरीज १४० किलोग्रॅमच येते. भार नाहीसा होत नाही, तो फक्त वाटला जातो. तिसऱ्या स्थितीत पुढच्या आसावरील मूळ भार पूर्ववत झाला आहे. ०.७५ मीटर लांबीचे दोन दांडे असतील, तर त्यासाठी प्रत्येक टोकावर ८४ किलोग्रॅम ताण पुरेसा होतो.

चौथी स्थिती अधिक चांगली भासेल, परंतु ती टाळावी. पुढचा आस मूळ भारापेक्षा जड आणि मागील आस गरजेपेक्षा हलका झाला, तर वळणावर मागची चाके आधी घसरतात आणि ट्रेलर मोटारीला बाजूस ढकलतो. म्हणून पुढच्या आसाचा गेलेला भार निम्म्याहून अधिक, पण पूर्णाहून अधिक नाही, इतका परत आणणे ही सर्वसाधारण मर्यादा मानावी. वाहनाच्या उत्पादकाने निराळी मर्यादा दिली असल्यास ती प्रमाण मानावी.

भारविभाजक जोडणी काय करीत नाही

या साधनाविषयी तीन गैरसमज आढळतात. पहिला असा की त्यामुळे मोटारीची ओढक्षमता वाढते. वस्तुतः मोटारीची वजनमर्यादा तीच राहते. समजा, मोटारीत ५५० किलोग्रॅम भार अनुज्ञेय आहे. सरासरी ६५ किलोग्रॅमचे पाच प्रवासी ३२५, सामान ७५ आणि दांडीभार १४० मिळून ५४० किलोग्रॅम होतात. शिल्लक केवळ १० किलोग्रॅम उरते, आणि त्यातून खुद्द जोडणीचे वजनही भागत नाही.

दुसरा गैरसमज असा की चुकीच्या भरणीवर ती उतारा आहे. माल मागे असल्याने उलाळ झालेल्या ट्रेलरला दांडे कितीही ताणले तरी स्थैर्य येत नाही. उलट, ताणामुळे गोळ्यावरील निव्वळ दांडीभार आणखी घटतो.

तिसरा गैरसमज असा की ती ब्रेकांना पर्याय आहे. उतारावर ब्रेक नसलेला ट्रेलर मोटारीला मागून रेटतो. सरळ रस्त्यावर हा रेटा पुढे असतो, तर वळणावर तो मोटारीचा मागचा भाग बाहेर ढकलतो. त्यावर ट्रेलरचे स्वतंत्र ब्रेक हाच उपाय होय. युरोपात ७५० किलोग्रॅमहून जड ट्रेलरला ब्रेक अनिवार्य आहेत. भारतीय वर्गीकरणातही ०.७५ टनांपर्यंतचे आणि त्यापुढे ३.५ टनांपर्यंतचे ट्रेलर असे दोन वेगळे वर्ग आहेत.

युरोपीय पद्धतीच्या अनेक कॅराव्हॅनमध्ये रेट्यावर चालणारे ब्रेक असतात : ट्रेलर पुढे रेटला गेला की कप्लर आत सरकतो आणि त्या हालचालीने ब्रेक लागतात. ताणलेले दांडे ही हालचाल अडवू शकतात. अशा ट्रेलरवर भारविभाजक जोडणी बसवण्यापूर्वी कप्लरच्या उत्पादकाची स्पष्ट संमती असणे आवश्यक आहे. तेथे गोळ्याला घर्षणपट्ट्यांनी दाबून धरणारा स्थिरकारी कप्लर हा अधिक सुसंगत पर्याय ठरतो. तो भार वाटत नाही, फक्त दोलन शमवतो. स्वतंत्र चौकट नसलेल्या काही मोटारींच्या बाबतीतही उत्पादक भारविभाजक जोडणीस मनाई करतात, कारण सांध्यावरील आघूर्ण मागील पत्र्याच्या संरचनेवर येते.

मापनाची पद्धत

दांडीभार अंदाजाने ठरवू नये. तो १२० किलोग्रॅमच्या आत असल्यास घरगुती वजनकाट्यावर लाकडी ठोकळा उभा करून दांडी त्यावर टेकवावी. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना अटकाव लावून, प्रवासात असतो त्याच उंचीवर असावा. भार अधिक असल्यास ९० सेंटिमीटर अंतरावरील दोन आधारांवर फळी ठेवावी. एक आधार विटेवरील नळीचा, दुसरा काट्याचा असावा. दांडी विटेकडील आधारापासून ३० सेंटिमीटरवर टेकवल्यास काटा एक तृतीयांश भार दाखवतो. फळीचे स्वतःचे वजन आधी वजा करून आलेल्या आकड्यास तीनने गुणावे.

आसांवरील भारासाठी वाहनांचा वजनकाटा उपयोगी पडतो. प्रवाशांसह व सामानासह तीन वेळा वजन करावे : केवळ मोटारीचे दोन्ही आस, ट्रेलर जोडून दांडे सैल असताना, आणि दांडे ताणल्यावर. अशा काट्यांचे लघुतम माप सामान्यतः ५ किंवा १० किलोग्रॅम असते, हे ध्यानात ठेवावे. वरील उदाहरणातील ६० किलोग्रॅमचा फरक त्यावर ओळखता येतो, परंतु सूक्ष्म जुळणी होत नाही. म्हणून पुढील चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंचीही तिन्ही वेळा फुटपट्टीने मोजावी. दांडे सैल असताना ती जितकी वाढली, त्यातील निम्म्याहून अधिक वाढ दांडे ताणल्यावर नाहीशी झाली, तर जुळणी योग्य दिशेने आहे.

जयगड परिसरातील विशेष बाबी

उतार आणि वळणे : सड्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापतात व निकामी होऊ लागतात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे आणि ट्रेलरचे ब्रेक तपासणे आवश्यक आहे.

पाऊस : गोळ्याशेजारी बसवलेला घर्षणाचा दोलनरोधक दांडा कोरड्या रस्त्यावर उपयुक्त असतो. ओल्या, निसरड्या रस्त्यावर मात्र तो वळणानंतर ट्रेलरला सरळ होऊ देण्यात अडथळा आणतो. म्हणून उत्पादक निसरड्या रस्त्यावर त्याचा ताण सैल करण्यास सांगतात. जून ते सप्टेंबर या काळात कोकणात हे साधन भरवशाचे मानता येत नाही. त्या काळात वेग कमी ठेवणे आणि मालाची रचना योग्य असणे हेच खरे संरक्षण होय.

फेरीबोट : जयगड–तवसाळ फेरीबोटीत चढताना जेट्टीचा उतार आणि बोटीचे फळकूट यांमध्ये कोन तयार होतो आणि भरती-ओहोटीनुसार तो बदलतो. मोटारीचे तोंड फळकुटावर चढले आणि ट्रेलर अजून उतारावर असला, तर मोटारीची मागची बाजू ट्रेलरच्या तुलनेत खाली झुकते. दोहोंत ६ अंशांचा कोन झाला तरी ०.७५ मीटर लांबीच्या दांड्याचे टोक सुमारे ८ सेंटिमीटर खाली ओढले जाते आणि त्याचा ताण अनेक पटींनी वाढू शकतो. त्यात दांडा, साखळी किंवा चौकट यांना इजा संभवते. म्हणून जेट्टीवर येण्यापूर्वी सपाट जागी दांडे सैल करावेत, चालण्याच्या गतीने बोटीत जावे आणि पलीकडे सपाट रस्ता लागल्यावर ते पुन्हा ताणावेत. वाहन मागे घ्यावे लागणार असल्यास दोलनरोधक दांडाही काढून ठेवावा. ट्रेलरची मागची बाजू जमिनीला घासणार नाही, हे आधी पाहून घ्यावे. ओहोटीच्या वेळी हा धोका अधिक असतो.

दोलन सुरू झाल्यास : वेग वाढवून ट्रेलर सरळ होईल, ही समजूत घातक आहे. सुकाणू शक्य तितके स्थिर धरावे, पाय गतिदाबावरून हळूहळू काढावा, मोटारीचे ब्रेक जोराने दाबू नयेत. ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्रपणे लावण्याची सोय असल्यास तेच हलके लावावेत. थांबल्यावर माल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. त्यामुळे ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आवश्यक ठरते. कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. एखाद्या कारखान्यात वेल्डिंग करून बसवलेला सांगाडा या दृष्टीनेही तपासून घ्यावा लागतो. अपघातानंतर विम्याचा प्रश्न येतो, तेव्हा याच कागदांना महत्त्व प्राप्त होते.

निष्कर्ष

(१) निवडीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ट्रेलरचे भरलेले वजन, नंतर मोटारीच्या मर्यादा, त्यानंतर ब्रेक आणि अखेरीस जोडणी, असा विचार व्हावा. व्यवहारात बहुधा जोडणी आधी घेतली जाते आणि बाकीचे तिच्याशी जुळवले जाते.

(२) दांडीभार हा मालाच्या रचनेवर अवलंबून असल्याने प्रत्येक प्रवासापूर्वी मोजावा. एक भरलेली टाकीही त्यात मोठा फरक घडवते.

(३) भारविभाजक जोडणी पुढच्या आसाचा गेलेला भार परत आणते. ती क्षमता वाढवत नाही, चुकीची भरणी सुधारत नाही आणि ब्रेकांची जागा घेत नाही. हलका ट्रेलर आणि कमी दांडीभार असेल तेथे ती अनावश्यकही ठरते.

(४) जयगडसारख्या ठिकाणी मोकळ्या सड्यावरील वारा, अवजड वाहतूक, पावसाळी रस्ते आणि फेरीबोटीचा बदलता उतार ही चारही आव्हाने थोड्या अंतरात एकवटली आहेत. म्हणून या परिसरासाठी स्वतंत्र ब्रेक असलेला, हलका, जड वस्तू आसाजवळ असलेला ट्रेलर आणि झटपट सैल-घट्ट करता येणारी जोडणी ही अधिक योग्य निवड ठरेल.

(५) कॅराव्हॅन पर्यटनास चालना देताना वाहनतळ, पाणी व वीज यांबरोबरच मुक्कामाच्या ठिकाणी आसनिहाय वजन करण्याची सोय आणि जोडणीचे प्राथमिक प्रशिक्षण यांचाही अंतर्भाव व्हावयास हवा. तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांना या कामी मोलाचे साहाय्य करता येईल. भौतिकशास्त्राच्या वर्गात तरफ व आघूर्ण शिकविताना उलाळ गाडीचे उदाहरण दिले गेले, तर परंपरागत ज्ञान आणि आधुनिक गरज यांतील अंतरही काही अंशी कमी होईल.